सव्वादोन गज

अमेरिकेतल्या प्रत्येक महाराष्ट्र मंडळात सगळ्या आरत्या पाठ असलेला एक असतो, कर वाचवण्याचे सल्ले देणारा एक असतो आणि एक बर्फवाला असतो. पहिल्या दोघांपासून सुटका आहे. आरती कधी ना कधी संपते, कराची तारीखही एप्रिलच्या मध्यावर उलटून जाते. बर्फवाल्याचा हंगाम संपत नाही. जुलैच्या उकाड्यात बार्बेक्यूपाशी घाम पुसत उभे असलात तरी तो तुम्हाला गाठतो आणि मागच्या नाताळातल्या बर्फाची राहिलेली हकिकत पुरी करतो.

आमचा बर्फवाला म्हणजे नाना. सांगलीला कॉलेजात मला दोन वर्षं पुढे. सध्या मुक्काम चीकटवागा, म्हणजे बफेलोच्या विमानतळाला जवळजवळ खेटून. आम्ही न्यू जर्सीत. इकडे बर्फ जरा भुरभुरला की तिकडून फोन आलाच.

"किती?"

नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"असेल तीन-चार इंच."

"असेल म्हणजे? मोजला नाहीस?"

"अरे, ऑफिसातून आलो, आधी ड्राइव्हवे साफ केला..."

"मोजायच्या आधी साफ केलास?"

मग बराच वेळ शांतता. त्यानंतर वहिनींचा आवाज. "भावजी, काय सांगितलंत ह्यांना? गप्प होऊन खुर्चीत बसलेत."

नाना बर्फ कशाने मोजतो, हे सांगितल्याशिवाय त्याची ओळख पुरी होत नाही. नाना गजाने मोजतो. त्याच्या वडिलांचं कराडच्या पेठेत कापडाचं दुकान होतं आणि त्या दुकानात ३६ इंची लोखंडी गज होता. १९५६ च्या कायद्यानंतर देशात मेट्रिक मापं आली, गादीवर मीटरपट्टी आली आणि गज निवृत्त झाला. पुढे माळ्यावरचं मांजर हुसकायला, उंचावरचे पडदे काढायला आणि नानाला गणित शिकवायला त्याचा उपयोग होत राहिला. आमच्या पिढीतले लोक अमेरिकेला निघाले ते प्रेशर कुकर आणि लोणच्याच्या बरण्या घेऊन. नानाने सुटकेसमध्ये तिरपा करून गज आणला. त्याचं म्हणणं सरळ होतं. ज्या देशात अजून इंच चालतात, त्या देशात गजाला नोकरी मिळणार. आणि खरोखरच, उतरल्याबरोबर पहिल्याच हिवाळ्यात कायमची नोकरी लागली अशी आमच्यात एकट्या गजाचीच गोष्ट आहे.

गजाबरोबर दुकानाची रीतही आली. कापड मोजून झालं की गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी वर चार बोटं जास्त सोडायची आणि मग कात्री लावायची. नानाचा बर्फही तसाच मोजला जातो. फोनवर तो जो आकडा सांगतो, त्यातून चार बोटं वजा केली की विमानतळाचा आकडा येतो. मी एकदा त्याला यावर छेडलं. तो म्हणाला, "वडील सांगायचे, गिऱ्हाईक परत आलं पाहिजे."

तुम्हाला वाटेल, हा गडी अंगणात जाऊन ढिगात गज खुपसत असेल. तसं म्हणालात तर नाना तुमच्याशी वर्षभर बोलणार नाही. त्याला शास्त्र आहे. परसात घरापासून, झाडांपासून आणि कुंपणापासून लांब, वाऱ्याने ढीग साचणार नाही अशा जागी पांढरी रंगवलेली फळी ठेवायची. तिच्यावर पडलेला बर्फ इंचाच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत मोजायचा. मग फळी पुसायची, पण सहा तासांतून एकदाच, दिवसाला फार तर चार वेळा. पडलेला बर्फ स्वतःच्या वजनाने खाली बसतो. तासातासाला फळी पुसून बेरजा करत गेलं तर आकडा भलताच फुगतो. "सिराक्यूजवाले काय करतात, मला काही माहीत नाही," असं इथे नाना हमखास म्हणतो. पण म्हणतो अशा सुरात, की त्याला सगळं माहीत आहे.

हे सगळं तो एका संस्थेसाठी करतो. कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सला १९९७ मध्ये मोठा पूर आला. त्यानंतर १९९८ मध्ये तिथल्या विद्यापीठात पाऊस आणि बर्फ मोजणाऱ्या हौशी लोकांचं एक जाळं सुरू झालं. त्याचं नाव कोकोरॉझ. आता देशभरातले लोक रोज सकाळी सातच्या सुमाराला आपापल्या परसातला आकडा तिकडे कळवतात. नानाही कळवतो. नळकांड्यात सापडलेला बर्फ वितळवून त्याचं पाणी किती झालं, तेही कळवतो. साधारण हिशेब असा की दहा इंच बर्फाचं एक इंच पाणी. पण सरोवरावरून आलेला बर्फ इतका भुसभुशीत, की कधी वीस इंचांचं, कधी तीस इंचांचंही एकच इंच पाणी होतं. हा प्रयोग वहिनींच्या ओट्यावर चालतो, चहाचं आधण बाजूला सारून. मात्र कोलोरॅडोला पाठवलेल्या आकड्यात चार बोटं नसतात. तिथे नाना देवाला भिऊन लिहितो. चार बोटं फक्त आपल्या माणसांसाठी.

नाताळाच्या आठवड्यात त्याच्या घरी गेलात तर जेवणाच्या टेबलावर ईरी सरोवर मांडलं जातं. आमटीची वाटी हे सरोवर, पापड हा कॅनडा. कॅनडावरून कोरडी, गारठलेली हवा निघते. डिसेंबरात सरोवराचं पाणी तिच्यापेक्षा बरंच उबदार असतं. वारा नैर्ऋत्येकडून, सरोवराच्या जवळजवळ ४०० किलोमीटर लांबीवरून वाहत आला की वाटभर वाफ उचलत येतो आणि पूर्वेच्या टोकाला बसलेल्या बफेलोवर ओततो. ईरी हे पाचही महासरोवरांत सगळ्यांत उथळ, सरासरी खोली १९ मीटर. म्हणून ऐन हिवाळ्यात ते गोठतं आणि गोठलं की कारखाना बंद. "तेव्हा सीझन कोणता?" नाना विचारतो. हवा गारठलेली आहे आणि पाणी अजून गोठलेलं नाही, असे दिवस कोणते? तर हेच, नाताळाच्या आगेमागे. येशू ख्रिस्ताचा जन्म सरोवराच्या सोयीने झाला, असं त्याचं प्रामाणिक मत आहे. तोवर आमटी गार होते आणि पापड सादळतो.

या बर्फाचा पट्टा अरुंद असतो. एका गल्लीत कमरेएवढा बर्फ, पुढच्या चौकात ऊन. "साडीला काठ असतो तसा काठ असतो त्याला," नाना सांगतो. शेवटी दुकानदाराचाच मुलगा. नोव्हेंबर २०१४ मध्ये शहराच्या दक्षिणेकडच्या गावांवर पाच-पाच फुटांहून जास्त बर्फ कोसळला. नानाचं घर काठाच्या बाहेर राहिलं. माडीच्या खिडकीतून दक्षिणेला ती पांढरी भिंत उभी दिसत होती आणि नानाच्या अंगणात त्या मानाने किरकोळ शिंपडण. त्या दिवशी मी फोन केला तर वहिनी दबक्या आवाजात म्हणाल्या, "आज नको. आमच्याकडे ऊन पडलंय."

बर्फवाल्याला शत्रूही लागतो. नानाचा शत्रू सिराक्यूज. न्यू यॉर्क राज्याच्या या भागात बफेलो, सिराक्यूज, रॉचेस्टर, बिंगहॅम्टन आणि अल्बनी या पाच शहरांत दर हिवाळ्यात सगळ्यांत जास्त बर्फ कोणाकडे, याची चुरस असते. तिचं नाव गोल्डन स्नोबॉल. बफेलोची वर्षाची सरासरी ९५ इंचांच्या आसपास, सिराक्यूजची १२० च्या वर. त्यामुळे बहुतेक वेळा जिंकतं कोण, हे सांगायला नको. सिराक्यूजहून आलेल्या पाहुण्याला नानाच्या घरी चहा मिळतो, पण दुसऱ्यांदा विचारलं जात नाही.

इंग्रजांची मात्र त्याला कीव येते. अमेरिकेत नाताळ पांढरा झाला असं म्हणायला त्या दिवशी सकाळी जमिनीवर निदान एक इंच बर्फ लागतो. ब्रिटिश हवामान खात्याला २५ डिसेंबरच्या चोवीस तासांत कुठेतरी पडताना दिसलेला एक कण पुरतो. "एक कण!" नाना गज उंच धरून म्हणतो. "आणि यांनी आपल्यावर दीडशे वर्षं राज्य केलं."

पाहुण्यांना नायगारा धबधबा दाखवून झाला की नाना सायन्स म्युझियममध्ये नेतो. व्हरमाँटमधल्या जेरिको गावचा शेतकरी विल्सन बेंटली याने १८८५ मध्ये हिमकणाचा पहिला सूक्ष्म फोटो काढला आणि आयुष्यभरात पाच हजारांहून जास्त काढले. त्याच्या काचेच्या प्लेटांचा मोठा संग्रह बफेलोत आहे. बेंटली बर्फाच्या वादळातून पायी घरी आला, त्याला न्यूमोनिया झाला आणि २३ डिसेंबर १९३१ ला तो गेला. ही हकिकत नाना श्रीखंड वाढताना सांगतो. शेवटी म्हणतो, "पण तक्रार केली नाही हो पठ्ठ्याने." लहान मुलं असली तर १९७७ च्या वादळाची गोष्ट होते. प्राणिसंग्रहालयाच्या कुंपणाशी बर्फाचा एवढा चढ साचला, की तीन रेनडिअर त्यावरून चालत बाहेर पडले. सांताक्लॉजच्या गाडीला जुंपतात तेच हे, असं सांगताना नाना स्वतः तिथे हजर असल्याचा भास होतो. वास्तविक तेव्हा तो कराडात दहावीला होता.

आणि या सगळ्याच्या शेवटी, कुठूनही निघून, गाडी येते ती २००१ वर.

तुम्ही म्हणा, यंदा थंडी जास्त आहे. नाना म्हणेल, २००१ ला याहून कमी होती, पण सव्वादोन गज पडला. तुम्ही म्हणा, गुडघा दुखतोय. नाना म्हणेल, २००१ नंतर माझाही दुखायला लागला, सव्वादोन गज उपसला होता. २४ ते २८ डिसेंबर २००१ या पाच दिवसांत बफेलोच्या विमानतळावर ८१.६ इंच बर्फाची नोंद झाली, हे खरं आहे. ३६ ने भागा, सव्वादोन गज येतात आणि वर थोडं उरतं. ते उरलेलं थोडं म्हणजे जेमतेम एक बोट, पण नाना त्यालाही चार बोटंच म्हणतो. मुलीच्या लग्नात अंतरपाट आखूड वाटला म्हणून त्याने मांडवात गज मागवला. भटजी थांबले, व्याही थांबले, मुहूर्तही थांबल्यासारखा झाला. पुढे फिनिक्सहून नातू झाल्याचा फोन आला. जावयाने वजन सांगितलं, उंची सांगितली. नानाने क्षणभर हिशेब केला आणि सद्गदित होऊन म्हणाला, "अर्धा गज आणि चार बोटं!"

२००१ ची कथा मला तोंडपाठ होती. इंच, तास, वाऱ्याची दिशा, सगळं. वहिनींची २००१ मी ऐकली ती अलीकडे, नाना फळी पुसायला बाहेर गेला होता तेव्हा.

त्या वर्षी नाताळापर्यंत बर्फ जवळपास पडलाच नव्हता. २४ तारखेला दुपारी तीन मराठी कुटुंबं जेवायला आली. येतानाच म्हणाली, चहा घेऊन निघू. चहा होईतो अंगणातली गाडी दिसेना आणि दिवे लागायच्या वेळी रस्ताच दिसेना. मंडळी राहिली. एक रात्र म्हणता म्हणता आठवडा संपत आला. पोरं बेसमेंटमध्ये गालिच्यावर ओळीने झोपली. रमीत दोन कुटुंबांचं वाजलं आणि कांदाभज्यांवर मिटलं. दूध संपलं तेव्हा कोऱ्या चहावर भागवलं. वहिनींनी डब्यातलं शेवटचं थालीपीठाचं पीठही काढलं.

चीकटवाग्यात पोलिश वस्ती मोठी. शेजारी एक पोलिश आजीबाई एकट्या राहायच्या. त्यांच्यात नाताळच्या आदल्या संध्याकाळी मोठं जेवण असतं, विगिलिया. त्यात मांस नाही, मासा चालतो. आणि टेबलावर एक ताट जास्तीचं मांडतात, न बोलावता कोणी आलं तर त्याच्यासाठी. आजीबाईंनी मुलांची ताटं मांडली, वर ते एक मांडलं. मुलं वाटेत अडकली. नाना गजाने खोली चाचपत त्यांच्या दारापर्यंत पोचला, "कशा आहात" विचारायला. परत आला तो आमंत्रण घेऊन. एका ताटावर अख्खी पंगत गेली. बटाट्याचे पिएरोगी मुलांनी फस्त केले, हेरिंग मासा कराडकरांनी हात जोडून टाळला. आजीबाई म्हणे रडत होत्या आणि वाढत होत्या.

"भावजी, ह्यांना थंडी सोसत नाही हो," वहिनी म्हणाल्या. "घरात दोन-दोन स्वेटर घालतात. पण बर्फ पडला की कोणी उठून जात नाही ना. एरवी इथे माणूस येताना जायची वेळ सांगून येतो."

हे खरं आहे. आम्ही सगळेच तसे. नाना दारात "राहा रे आजची रात्र" म्हणतो आणि आमच्याकडे उत्तर तयार असतं. उद्या मीटिंग आहे, मुलीचा पोहण्याचा क्लास आहे, कुत्र्याला सोडून आलोय. शिवाय जीपीएस सांगतं, आत्ता निघालात तर ट्रॅफिक नाही. यजमानाचा आग्रह मोडून काढायला आम्हाला यंत्रांनी हजार सबबी पुरवल्या आहेत. त्या सगळ्या सबबींना पुरून उरेल असा एकच आग्रह त्या गावात आहे आणि तो सरोवरावरून येतो.

म्हणून २०२२ विषयी नाना बोलत नाही. त्या नाताळात पुन्हा तसंच वादळ आलं, पण वाऱ्यासकट. विमानतळावर पन्नास इंचांहून जास्त बर्फ पडला. रुग्णवाहिका जागच्या जागी अडकल्या, वीज गेली. बफेलो आणि आसपास चाळीसहून जास्त माणसं दगावली. कोणी गाडीत, कोणी रस्त्यावर, कोणी थंड पडलेल्या घरात. मी धास्तावून फोन केला आणि सवयीने विचारलं, किती? नाना म्हणाला, "मोजला नाही." गज त्या आठवडाभर खिळ्यावरून उतरला नव्हता.

थोड्या वेळाने तो आपण होऊन बोलला. त्याच्या घरापासून जवळच, विल्यम्सविलमध्ये, बर्फात रुतलेल्या व्हॅनमधले दोघे जण एका जोडप्याच्या दारी फावडं मागायला आले. व्हॅनमध्ये दक्षिण कोरियाचे नऊ पर्यटक होते. जोडप्याने सगळ्यांना घरात घेतलं आणि नाताळ एकत्र साजरा झाला. बातमी जगभर गेली. "नऊ जण," नाना म्हणाला. "आणि स्वयंपाकघरात कोरियन मसालेसुद्धा होते म्हणे त्यांच्याकडे." मग जरा थांबून, "आमच्याकडे वरचं दार उघडं ठेवलं होतं. बाहेरचा दिवा बॅटरीवर लावला होता. फावडी तर तीन आहेत."

सिराक्यूजवर इतकी वर्षं जळणाऱ्या माणसाला विल्यम्सविलचा हेवा वाटताना मी तेव्हा ऐकला.

मागच्या नाताळाला आम्ही गेलो होतो. २६ ला सकाळी निघायचं ठरलेलं. रात्री थोडा बर्फ पडला होता. सातच्या सुमाराला नाना दोन स्वेटरांत परसातून आत आला, गज पुसला आणि जाहीर केलं, "सहा इंच. रस्ते बंद असणार."

खिडकीतून रस्ता दिसत होता. प्लाऊ येऊन गेला होता आणि डांबर काळंभोर उघडं पडलं होतं. समोरच्या घरातला माणूस कुत्र्याला फिरवत होता. माझ्या फोनवर एकही इशारा नव्हता. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि पायातले बूट काढून पुन्हा रॅकवर ठेवले. आतून वहिनींनी विचारलं, साबुदाणा कालच भिजवलाय, त्यात दाण्याचं कूट जास्त चालेल ना?

नाना आंघोळीला गेला. त्याचा लॅपटॉप ओट्यावर उघडाच होता. कोलोरॅडोला त्या सकाळी कळवलेला आकडा होता २.३.

मी तो नीट पाहिला. मग ऑफिसला ईमेल लिहिली, की बफेलोत अडकलो आहे, उद्याच्या मीटिंगला नाही, रात्रीत आठ इंच बर्फ पडला.